सिम्युलेशन लॅब, डायबिटीस आणि बंद डबा

नोटीस लागली १४ जुलैला, सोमवारी, मेसमधून परत येताना बघितली. ‘डायबिटीस केअर, सिम्युलेशन मोड्यूल. उपस्थिती १०० टक्के. सत्रांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होईल.’ सिम्युलेशन म्हणजे पुतळ्यालाच पेशंट मानून, खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेला सराव. नोटिशीचं शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळाच आला. बीएस्सी नर्सिंगच्या सेकंड इयरपर्यंत आम्ही बेड लावले होते, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेतला होता, सिस्टरच्या मागेमागे फिरलो होतो, पण आपण एकटीने पेशंट सांभाळायचा आणि काचेमागून मॅडम बघणार आणि वर कॅमेरा, हे भलतंच वाटत होतं. सिनियर ताईंना विचारलं तर एक म्हणाली अगं काही नाही, पुतळाच असतो, आणि दुसरी म्हणाली मी रडत बाहेर आलेले. झालं. त्या रात्री झोप कसली.

आता सगळं पार पडलंय म्हणून लिहून ठेवतेय, पुढच्या बॅचला थोडी कल्पना येईल. कॉलेजचं नाव घालत नाही, उगाच कशाला.

पहिला आठवडा नुसत्या कागदांचा. एक संमतीपत्र (रेकॉर्डिंग फक्त शिकवायला वापरणार, बाहेर जाणार नाही), एक हमीपत्र की आत जे घडलं ते बाहेर कोणाला सांगणार नाही, कारण पुढच्या ग्रूपला तोच पेशंट असतो. मेडिकल फिटनेस. आणि हेपॅटायटिस बी लसीच्या तिन्ही डोसांची नोंद. इथे मी अडकले. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा असं असतं, माझे दोन झालेले आणि तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहून गेलेला. मग एका सकाळी आमच्या हेल्थ सेंटरवर जाऊन दोन तास बाकावर बसले, डोस घेतला, कार्डावर शिक्का घेतला, कॉलेजच्या ऑफिसात गेले तर फॉर्म परत. का, तर फोटोवर आडवी सही हवी आणि मी खाली केलेली. परत प्रिंट, परत फोटो. लॉगबुक प्रिंट आणि बाइंडिंगचे १८०, झेरॉक्स आणि फोटो मिळून ९० च्या आसपास, सरावाला दहा सिरिंज घेतल्या त्याचे ९० वगैरे. जाण्यायेण्याची बस धरून सगळं मिळून सातशेच्या आत बसलं. तुमचं लसीचं कार्ड कुठे आहे ते आजच शोधून ठेवा एवढंच सांगते.

२१ ते २५ जुलै स्किल लॅब. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, कोणाकोणाच्या घरी डायबिटीस आहे? चाळीस जणींत निम्म्याहून जास्त हात वर. मला वाटलं आमचीच बॅच अशी, पण मग त्यांनी आकडा सांगितला: आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा इंडियाब म्हणून देशभरचा सर्व्हे आहे, त्याचे २०२३ मध्ये जे निकाल आले त्यात डायबिटीसमध्ये गोवा सगळ्या राज्यांत वर, २६.४ टक्के, देशाचा आकडा ११.४. म्हणजे गोव्यात मोठ्या माणसांत चारातल्या एकाला. माझे बाबा त्यातले एक, त्यांचं पुढे येतंच.

आधी मोसंबीला इंजेक्शन, मग स्पंजच्या पॅडला, मग पुतळ्याच्या पोटाला. बेंबीपासून दोन इंच सोडून, रोज जागा थोडी थोडी सरकवत, एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली गाठी होतात आणि तिथे दिलेलं इन्सुलिन धड लागू होत नाही. दुधाळ इन्सुलिनची बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये लाटायची, आमच्याकडे चुलीपुढे वाती वळतात तशी. दोन प्रकार एका सिरिंजमध्ये घ्यायचे तर आधी पारदर्शक मग दुधाळ. ग्लुकोमीटरला बोटाच्या टोकाला नाही, बाजूला टोचायचं, आणि हात धुवून, कारण बोटाला आंब्याचा किंवा फणसाचा रस असेल तर मशीन तोच रस मोजतं आणि आकडा उगाच वर जातो. मॅडमनी हे खरंच करून दाखवलं, साखरेच्या पाण्यात बोट बुडवून, आणि वर्गातली सगळ्यात काटकुळी पोरगी एका मिनिटात डायबिटीसची पेशंट झाली.

पण माझ्या डोक्यात बसलं ते सिरिंजच्या टोपीचं. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० वाल्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनातलं कार्ट्रिज १०० वालं. आणि १०० ची सिरिंज पण मिळते, तिची टोपी केशरी. ४० च्या बाटलीतून केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर आत येतं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. उलटं केलं, १०० वालं लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत घेतलं, तर ५० युनिट. अडीच पट. मॅडमनी दोन्ही सिरिंज हातात दिल्या आणि फरक शोधा म्हणाल्या, टोपी काढून ठेवल्यावर अर्ध्या मुलींना ओळखता येईना.

रविवारी २७ तारखेला घरी गेले. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घर आमचं, पणजीहून साखळीमार्गे वाळपईची बस, पाऊस असला की दोन तास कुठे जातात कळत नाही. संध्याकाळी बाबांनी फ्रिजच्या दारातली बाटली काढली, मी सहज बघत होते, आणि त्यांनी सिरिंजची टोपी काढून टेबलावर ठेवली. केशरी.

बाटली घेऊन बघितली. ४०.

दादाला विचारलं तर म्हणे दुकानात पहिल्यासारख्या नव्हत्या म्हणून मे महिन्यात या आणल्या. बाबा म्हणतात, याच बऱ्या, सुई बारीक आहे, दुखत नाही. तीन महिने माणूस २० युनिट घेतोय म्हणून समजत होता आणि आत जात होते ८. आणि तेवढ्यात फास्टिंग शुगर २४० च्या आसपास येते म्हणून डॉक्टरांनी एक गोळी वाढवलेली, आणि आई रोज बाबांना बोलणार, तुम्ही चोरून गोड खाता. त्या बिचाऱ्याने चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायला सुरुवात केलेली.

मला वाटलं आत्ताच वाळपईला जाऊन लाल टोपीच्या आणते. आधी मॅडमना फोन केला, आणि बरं झालं केला. त्या म्हणाल्या, थांब. एकदम ८ वरून २० वर नेशील, वर वाढवलेली गोळी आहे, शुगर खाली जाईल. आज आहे तेच राहू दे, उद्या डॉक्टरांकडे बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन जा. सोमवारी बाबांबरोबर गेले. डॉक्टरांनी दोन्ही हातात धरून बघितलं, काही बोलले नाहीत थोडा वेळ, मग योग्य सिरिंजने १२ पासून सुरू करून घरी शुगर बघत हळूहळू वाढवायला सांगितलं, आणि गोळी पुन्हा तपासून लिहून दिली. तुमच्या घरी कोणी बाटलीतलं इन्सुलिन घेत असेल तर आज रात्री उठून टोपी आणि बाटली बघा. मात्र फरक सापडला तर स्वतः डोस बदलू नका.

यात सोमवारचं सरावाचं सत्र बुडलं. आयएनसीच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) नियमाप्रमाणे थिअरीला ८० टक्के हजेरी चालते पण प्रॅक्टिकलचे तास शेवटी १०० टक्के भरून द्यावेच लागतात. म्हणजे अर्ज, त्याला बाबांच्या डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स, वर्ग शिक्षिकेची सही, प्रिन्सिपलची सही, आणि मग शनिवारी एकटीने भरपाईचे चार तास. अर्ज दोन दिवस कोणाच्या तरी टेबलावर पडून होता. टेबल कोणाचं ते विचारू नका.

३० जुलै, बुधवार. पहिला सिनारिओ, म्हणजे उभा केलेला प्रसंग.

आधी अर्धा तास समजावून सांगतात, त्याला प्रीब्रीफिंग म्हणतात. पुतळ्याला हात लावून बघायचा, नाडी कुठे लागते, डोळे कसे मिटतात, ऑक्सिजन कुठे, ड्रॉवरमध्ये काय. आणि कबूल करायचं की आत असेपर्यंत हा पुतळा नाही, पेशंट आहे. सगळ्या हसत होत्या. मॅडमनी तिथे सांगितलं की नर्सेसना बाहुलीवर शिकवायची पद्धत जुनी आहे, १९११ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलात बाहुल्या करणाऱ्या एका बाईकडून माणसाएवढी बाहुली बनवून घेतली होती, तिला मिसेस चेस म्हणायचे. आमच्या मिसेस चेसला आम्ही आज्जी म्हणायला लागलो.

सिनारिओ असा: बेड चार, ६८ वर्षांच्या बाई, दुपारच्या जेवणाआधी रेग्युलर (पारदर्शक) इन्सुलिन १० युनिट. मी मुख्य नर्स, एक मैत्रीण दुसरी नर्स, एकजण सून झालेली. पंधरा मिनिटं. मी आत गेले, आज्जीला नाव विचारलं, हातातला पट्टा बघितला, शुगर बघितली, १३२. आणि मग सिरिंज. तुम्हाला सांगते, मी ती सिरिंज अशी काय बघितली! टोपी लाल, बाटली ४०, मोठ्याने बोलून दाखवलं, मैत्रिणीकडून डबल चेक करून घेतलं. घरचं ताजं होतं ना. मनात म्हटलं, बघा, कॅमेऱ्यात बघा. इंजेक्शन दिलं, चार्टवर सही केली.

पाचेक मिनिटांनी (सिनारिओत म्हणे पाऊण तास पुढे गेला होता) स्पीकरमधून आवाज आला, “बाय, म्हाका घुंवळ येता गो.” म्हणजे चक्कर येतेय. काचेमागून मॅडमच बोलत होत्या पण त्या क्षणी ते आठवतच नाही. कपाळाला हात लावला तर ओलं, गार. पाणी आणि ग्लिसरीन फवारलेलं होतं ते नंतर कळलं. मी काय केलं? बीपी घेतलं. मग सुनेला म्हटलं पंखा लावा. मग ग्लुकोमीटर शोधायला लागले, जो मीच मगाशी ट्रेमध्ये ठेवला होता. आकडा ४१. आज्जीचं बोलणं तोवर जड झालेलं, डोळे मिटत चाललेले, आणि मी साखरेचं पाणी चमच्याने तिच्या तोंडाशी नेलं. पुतळ्याच्या ओठांवरून ते पाणी गळ्यापर्यंत ओघळलं आणि उशी भिजली, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. मैत्रिणीने फोन केला, २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून ग्लुकोज, लावलं, आज्जी शुद्धीवर आली. वेळ संपली.

पुढे पाऊण तास डीब्रीफिंग, म्हणजे गोल करून बसायचं आणि बोलायचं. खरं शिकणं इथे होतं, आतली पंधरा मिनिटं नुसती चटका देतात. मॅडम ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी व्हिडिओ लावला आणि एका ठिकाणी थांबवला. मी सिरिंज उजेडाकडे धरून टोपीबद्दल बोलतेय, आणि माझ्या कोपराच्या मागे टेबलावर स्टीलचा डबा. बंद. झाकणाची क्लिपसुद्धा न उघडलेली. “हे काय आहे?” मॅडम म्हणाल्या. श्रावणी सोमवार होता सिनारिओत. आज्जी उपाशी होती. सून ते सांगायलाच बसली होती, तिला कोणी विचारलंच नाही.

रडले थोडी. सिनियर ताई खोटं बोलली नव्हती.

त्या दिवशीचं जे वहीत लिहिलं ते असं: शुगर ७० च्या खाली म्हणजे लो. माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर १५ ग्रॅम पटकन लागू होणारं गोड, म्हणजे साखरेचे तीन-चार चहाचे चमचे पाण्यात किंवा अर्धा कप गोड ज्यूस, पंधरा मिनिटांनी परत शुगर, अजून खाली असेल तर परत तेवढंच. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर हळू चढते. वर आली की मग पोटभर काहीतरी. गुंगीत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल. शिरेतून डेक्स्ट्रोज, २५ टक्क्यांचं १०० मिली म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, नाहीतर ग्लुकॅगॉनचं (शुगर वर आणणारं) इंजेक्शन. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: जेवण जालें?

आठवडाभर मी ज्याला त्याला हेच विचारत होते, हॉस्टेलच्या वॉचमनलासुद्धा.

दुसरा सिनारिओ ६ ऑगस्टला होता. सकाळी सात वाजता तयार होऊन बसलो आणि कळलं की पुतळ्याची छाती हलत नाही, कॉम्प्रेसर गेला, इंजिनियर गोव्याबाहेरून येणार. आठवडा गेला. भीती अशी लांबली की जास्त त्रास होतो, मी दोनदा स्वप्नात बंद डबा बघितला.

१३ ऑगस्ट. या वेळी पुतळा एकोणीस वर्षांचा मुलगा, टाइप वन, दोन दिवस उलट्या. खोलीत शिरल्या शिरल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, मास्कच्या आत कापूस ठेवलेला, कारण कीटोन (इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते) वाढले की श्वासाला साधारण तसाच वास येतो. छाती भात्यासारखी खोल आणि भरभर. शुगर ४८६. मी लगेच, अगदी पाठ केल्यासारखं, “जेवण जालें?” स्पीकरमधून पेशंट झालेल्या सरांचा दमलेला आवाज: “दोन दीस जेवूंक ना. देखून इंजेक्शन घेवूंक ना.” म्हणजे दोन दिवस जेवलो नाही, म्हणून इंजेक्शनही घेतलं नाही.

आणि माझ्या डोक्यात काय आलं असेल? बरं केलं. जेवला नाही, इन्सुलिन नाही, हिशोब जुळला. मी खरोखर मान हलवली, व्हिडिओत दिसतंय.

तोच तर घोटाळा होता. टाइप वनच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे न जेवता पण त्याला बेसल इन्सुलिन लागतंच, आजारपणात तर उलट जास्त लागू शकतं. जेवणाआधीचा डोस वेगळा आणि दिवसभर लागणारं बेसल इन्सुलिन वेगळं. ते बंद केलं म्हणूनच मुलगा डीकेएमध्ये (कीटोन साचून रक्तातली आम्लता वाढते त्या अवस्थेत) गेला होता. आज्जीला जो प्रश्न वाचवणार होता त्याच प्रश्नाचं उत्तर इथे उलटं वाचायचं होतं, आणि मी दोन आठवडे तो मंत्रासारखा घोकला होता.

पुढचं थोडं बरं गेलं. सलाईन सुरू केलं, डॉक्टरांना फोन लावला. फोनवर ठरलेल्या क्रमाने बोलायचं असतं, आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय दिसतंय, मला काय हवंय. ऑर्डर आली इन्सुलिन इन्फ्युजनची, म्हणजे पंपाने शिरेतून सतत द्यायची, ०.१ युनिट प्रति किलो प्रति तास, फक्त रेग्युलर. मैत्रिणीने पंप तयार केला, नळीतून वीसेक मिली आधी वाहू दिलं कारण इन्सुलिन नळीला आतून चिकटतं. सुरू करणार एवढ्यात फोनवरून सरांनी, आता डॉक्टर म्हणून, विचारलं, पोटॅशियम किती आलं? रक्ताच्या रिपोर्टची स्लिप माझ्या खिशात होती, शुगर वाचून घडी घालून ठेवलेली. उघडली, ३.१. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, आधीच एवढं कमी असताना सुरू केलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आमच्या प्रोटोकॉलमध्ये ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, इन्सुलिन थांबवा, २०२४ च्या नव्या गाईडलाईनमध्ये तीच रेघ ३.५ वर आहे. आणि पोटॅशियम कायम सलाईनमधून हळूहळू, सिरिंजने सरळ शिरेत कधीच नाही. सरांनी विचारलं म्हणून वाचलो, मी आपणहून बघितलं नव्हतं हे डीब्रीफिंगमध्ये सांगून टाकलं. आधीच सांगितलं की बरं पडतं, व्हिडिओ असतोच.

२० ऑगस्टला ऑस्की, म्हणजे टेबलाटेबलावरची प्रॅक्टिकल परीक्षा, पाच स्टेशन, प्रत्येकी सात मिनिटं, घंटा वाजली की पुढे. पायाच्या तपासणीला खऱ्या बाई बसवलेल्या, निवृत्त सिस्टर, फार छान अभिनय करायच्या. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा तार, तळव्याला लावून वाकेपर्यंत दाबायचा, तो वाकला की बरोबर १० ग्रॅम दाब पडतो, पेशंटचे डोळे मिटलेले, घट्टा असेल तिथे लावायचा नाही. ते जमलं. इन्सुलिन पेनच्या स्टेशनला नापास. दोन युनिट हवेत सोडून बघायचं विसरले, आणि टोचल्यावर दहा मोजायच्या आधीच सुई काढली. दोन दिवसांनी परत दिली, त्याचा वेगळा अर्ज.

बाकी छोट्या गोष्टी. सकाळी काहीतरी खाऊन जा, आमच्यातली एक उपाशीपोटी जाऊन तिलाच चक्कर आली आणि सगळ्यांना वाटलं सिनारिओत आहे. आत असताना जे करताय ते मोठ्याने बोला, काचेमागे मनातलं ऐकू येत नाही. नातेवाईक म्हणून बसवलेल्या मुलीशी बोला, तिच्याकडे नेहमी एक माहिती दिलेली असते. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या.

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, नंतर ८ सप्टेंबरपासून वॉर्ड. तिसऱ्या दिवशी एका आज्जींची शुगर बघायला गेले. विचारलं, जेवण जालें? “ना गो बाय, दोन नेवऱ्यो खाल्ल्यो.” नेवऱ्या म्हणजे करंज्या. मागे उभ्या असलेल्या सुनेने मला चार बोटं दाखवली. मी आज्जींना आधी हात धुवायला लावले, मग शुगर बघितली, आकडा सिस्टरना सांगितला, किती नेवऱ्या तेही सांगितलं, आणि कुठल्या डायबिटीसच्या पेशंट आहेत ते फाईलवर बघितलं. इन्सुलिन सिस्टरनी दिलं. टोपी लाल होती, मी बघितली.

बाबांची फास्टिंग आता १४० च्या आसपास येते, आई अजून संशय घेतेच. केशरी टोपीच्या उरलेल्या सिरिंज दादा परत द्यायला गेला होता, दुकानदार म्हणाला पाकीट फोडलेलं घेत नाही. मोड्यूलचं सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. काल ऑफिसात विचारलं, सोमवारी या म्हणाले.